रिद्धपूरच्या पोथ्या

पंढरपुरात धर्म उघड्यावर नांदतो. वाळवंटात कीर्तन उभे राहिले की येईल तो ऐकतो. अभंग कोणी कोणापासून झाकून ठेवत नाही. अशा गावात वाढलेल्याला राखून ठेवलेला धर्म उमगायला वेळ लागतो. लेबनॉनच्या डोंगरातली, सीरियातल्या सुवैदा भागातली द्रूझ पंथाची गावे तसा धर्म जपत आली. 1043 नंतर त्यांनी पंथात नवा माणूस घेणेच थांबवले. ग्रंथ दीक्षितांच्या हाती राहिले. बाकीच्यांनी ते न वाचताच श्रद्धा सांभाळली. मला ती गावे रिद्धपुरावरून समजतात.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे लहानसे गाव म्हणजे महानुभाव पंथाची काशी. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि आईबापही म्हणत. ते पोरांत खेळायचे, कुणाच्याही घरी जायचे. मातंगांनी पाण्याचे गाऱ्हाणे घातले तेव्हा विहिरीची जागा त्यांनीच दाखवली. ते जिथे बसले, थांबले, तिथे ओटे आहेत. येणारा ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो, ओट्याला कपाळ टेकतो आणि पुढच्या ओट्याकडे वळतो. कुठल्या ओट्यापाशी कुठली लीळा घडली हे जाणत्याला तोंडपाठ असते. अख्खे गावच पोथीसारखे वाचले जाते.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य इथे आले. इथेच म्हाइंभटांनी, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेत, सुमारे 1278 मध्ये चक्रधरांच्या आठवणींचे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्ञानेश्वरी त्यानंतर बारा वर्षांनी झाली. पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा पंथीयांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. त्यानंतर पोथ्या सकळा लिपीत शिरल्या. बाहेरच्याला अक्षर दिसे, अर्थ लागत नसे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे मराठीला आपले हे आद्य गद्य दिसले.

ज्ञानेश्वरी शेकडो हातांतून फिरली, म्हणून 1584 मध्ये एकनाथांना तिचे पाठ शुद्ध करावे लागले. ‘लीळाचरित्रा’तही पाठभेद आहेतच, पण मोजक्या हातांत राहिल्यामुळे यादवकाळचे बोलणे, त्यातले रुसवे, जेवणखाण, चावडीवरच्या गप्पा, बरेचसे जुन्याच वळणाने आपल्यापर्यंत आले. पंथाने पोथ्या लपवल्या याचा राग मला म्हणूनच येत नाही.

हळहळ मात्र वाटते. गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यासाठी महदंबेने रिद्धपुरातच धवळे रचले. मराठीची ती आद्य कवयित्री. आमच्याकडे जात्यावर जनाबाई म्हणत वाढलेल्या बायकांच्या कानांवर महदंबेचे नावही आले नाही. त्यांच्या लेकीसुनांच्या लग्नात ते धवळे सहज म्हटले गेले असते. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. 2024 मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले. तिथल्या मुलामुलींनी पोथ्यांच्या अभ्यासाबरोबर ते धवळे चालीवर बसवावेत आणि एका आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात येऊन म्हणावेत, असे मला मनापासून वाटते.