दार कुणाचं वाजवायचं?

मार्चमधली दुपार होती. मी घरून काम करत होतो. दूध आणायला खाली उतरलो तर गेटवर एक बेलीफ उभा. खांद्याला कापडी पिशवी, हातात कागदांची चळत. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत हल्ली कुणालाही आत सोडण्याआधी वॉचमन अ‍ॅपमध्ये नाव टाकतो, मग घरमालकाच्या फोनवर विचारणा जाते. वॉचमनने कामाच्या रकान्यात ‘कोर्ट’ असं टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी क्षणात ‘नाही’ दाबलं.

बेलीफ हसला. “मी काय पार्सल आहे का परत जायला?” म्हणाला, आणि जिन्याकडे वळला. मी मागोमाग. दार बंद. आत टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता, आमच्या येण्यानंतर तो बंद झाला. बेलीफने मला विचारलं, “हेच ना त्यांचं घर?” मी हो म्हणालो. त्याने समन्सची प्रत दारावर चिकटवली आणि माझं नाव, पत्ता लिहून घेतला. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ५ नियम १७ मध्ये तसं आहे: माणूस कागद घेत नसेल किंवा सापडत नसेल तर प्रत बाहेरच्या दारावर लावायची, आणि घर कुणी दाखवलं, कुणासमक्ष लावली, हे अहवालात लिहायचं.

काका नंतर कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला आधी वाईट वाटलं, मग राग आला, मग मी कायदा वाचायला बसलो. (इंजिनिअरला राग आला की तो डॉक्युमेंटेशन वाचतो.)

आमच्या धंद्यात ‘मेसेज पोचला’ आणि ‘मेसेज वाचला’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कायद्यालाही हा फरक नीट कळतो. समन्स न बजावता एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून मागता येतो. पण १९७६ च्या दुरुस्तीने त्याला एक पुस्ती जोडली: बजावणीत नुसती काही अनियमितता राहिली, पण प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता, तर तेवढ्यावरून हुकूमनामा रद्द होणार नाही. म्हणजे कागदाच्या प्रवासापेक्षा त्याला कळलं होतं का, हे मोठं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हेच व्हॉट्सअ‍ॅपला लावलं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण, समोरचा माणूस नोटीस टाळत होता. पीडीएफ पाठवली, ती उघडल्याची खूण दिसली, न्यायालयाने बजावणी मानली.

‘कळवणं’ म्हणजे कुणाला कळवणं, याचंही मत बदलत गेलं. फौजदारी समन्स घरच्या ‘प्रौढ पुरुषाकडे’ देता येईल असं १९७३ च्या संहितेत होतं. बाईच्या हातात दिलेला कागद जणू घरात पोचतच नव्हता. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, त्यात ‘पुरुष’ हा शब्द गेला. दिवाणी कायद्याने तो १९७६ मध्येच काढला होता.

एवढी सगळी खटपट कशासाठी, तर एका माणसाच्या गैरहजेरीत त्याच्याबद्दल काही ठरू नये यासाठी. काकांच्या दारावरचा तो कागद मला त्या दिवशी अपमान वाटला होता. आता वाटतं, तो मान होता. सरकारने एक माणूस उन्हातून तीन मजले चढवून पाठवला, कारण काकांना न सांगता पुढे जाणं चूक आहे.

हे मला इतकं पटायचं कारण त्यानंतर ऑफिसात घडलेली गोष्ट. मी ज्या छोट्या कंपनीत आहे, ती असंच गेटचं अ‍ॅप बनवते. कौटुंबिक वादातलं एक समन्स आमच्याकडे आलं. आम्ही त्या भांडणात कुणीच नाही. पण अमुक फ्लॅटच्या सहा महिन्यांच्या नोंदी हजर करा, असं होतं. यालाही जुनी वाट आहे. आदेश १६ प्रमाणे फक्त कागदपत्रासाठी बोलावलेल्या त्रयस्थाने स्वतः न जाता कागद पाठवला तरी चालतो. बँकांच्या वह्यांसाठी तर १८९१ पासून वेगळा कायदा आहे: बँक पक्षकार नसेल तर तिच्या अधिकाऱ्याला वह्या घेऊन बोलावण्याआधी न्यायालयाने तसा खास आदेश द्यावा लागतो, एरवी प्रमाणित उतारा चालतो.

क्वेरी मीच लिहिली. निकाल आला तेव्हा त्यात नवरा-बायको फारसे नव्हतेच. पोळ्या करणाऱ्या मावशी, रोज एकाच वेळी येणारा डबेवाला मुलगा, फिजिओथेरपिस्ट, एक मैत्रीण, जिचा नंबर आणि रात्रीची वेळ. या कुणाचं दार कुणी वाजवलं नव्हतं.

मी सल्लागार वकिलांना विचारलं, यांना कळवायचं का? ते म्हणाले, तसं कुठे लिहिलेलं नाही. मागितलंय ते द्यायचं. कॅलिफोर्नियात ग्राहकाची वैयक्तिक कागदपत्रं त्रयस्थाकडून मागवताना त्या ग्राहकाला आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे त्याला हरकत घेता येते. आपल्याकडे वाद घालणाऱ्या दोघांना माहीत असतं, मधल्याला नसतं. आणि तरी तत्त्व आपल्याकडेही आहे. बँकेत ठेवलेल्या कागदांवरचा खासगीपणाचा हक्क ते बँकेत गेल्याने संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक प्रकरणात म्हटलं आहे. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नवरा-बायकोच्या वादात तिसऱ्याच माणसाच्या मोबाइल टॉवरच्या नोंदी मागवण्याचा आदेश रद्द केला. पण तो माणूस न्यायालयात जाऊ शकला, कारण त्याला कळलं होतं. मावशींना कोण सांगणार?

दुसरी बाजू मला दिसते. पगार लपवणाऱ्या नवऱ्याविरुद्ध पोटगी मागणाऱ्या बाईकडे त्याच्या मालकाच्या आणि बँकेच्या नोंदींशिवाय काय असतं? त्रयस्थांनी ‘आमचा काय संबंध’ म्हटलं तर खोटं बोलणाराच जिंकेल. म्हणून नोंदी देऊ नयेत, असं मी म्हणत नाही. मीही काकांचं घर दाखवलंच होतं. पण तेव्हा काकांना निदान माझं नाव कळलं, माझ्यावर रुसता आलं.

मी वकिलांना पुन्हा लिहिलं: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांखेरीज इतरांचे नंबर झाकून देऊ का, आणि झाकले आहेत हे न्यायालयाला स्पष्ट लिहून कळवू, हवे असतील तर ते मागतील. दोन दिवसांनी उत्तर आलं, “चालेल, पण कव्हरिंग लेटर तुम्ही ड्राफ्ट करा.” केलं. न्यायालयाने पुढे नंबर मागवले की नाही, मला कळलं नाही. मावशी अजून त्या गेटवर रोज सकाळी नाव सांगतात.