कोयता कुणाचा?

दुसऱ्याच्या कष्टांत सौंदर्य पाहावे की नाही? प्रश्न जरा जड आहे आणि फराळाचे ताट पुढे असताना तो कुणी विचारू नये, हे मलाही कळते. पण तो त्या ताटातच दडून बसला आहे, त्याला मी तरी काय करणार? बेसनाच्या लाडवात, करंजीच्या सारणात, शंकरपाळ्यांत जी साखर आहे, ती कुणीतरी फडात वाकून तोडलेल्या उसाची आहे. लाडू गोड लागतो आणि तो तसा लागलाच पाहिजे. कुणाची तरी वाकलेली पाठ आठवून लाडू कडू करून घेणे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे. पण ती पाठ अजिबात न आठवणे हे तरी शहाणपणाचे आहे काय?

कष्टांकडे बांधावरून पाहण्याची आपली सवय जुनीच आहे. विहिरींवर मोटा चालत, त्या काळी पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकली की वाटसरूला घटकाभर थांबावेसे वाटे. त्याला ती कुरकुर गोड लागे. आणि बैलांमागे मागेपुढे चालून ज्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्याला ती चाकाचे तेल संपल्याची खूण वाटे. आवाज एकच, कान दोन. यांतला खरा कान कोणता, असा वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही खरेच. पण गाणे वाटसरूच्या कानाचे होते आणि तेल मोटकऱ्याला घालावे लागते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

पूर्वी हा प्रश्न चित्रकाराला आणि कवीला पडे. आवाज साठवून ठेवणारी यंत्रे आली आणि तो संगीतकारालाही पडू लागला. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीतल्या पिएर शेफेर नावाच्या एका इंजिनियराने आगगाडीच्या इंजिनांचे, डब्यांचे, शिट्ट्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले, ते एकमेकांना जोडले, आणि त्या रचनेला संगीत म्हटले. चार वर्षांनी, १९५२ साली, अमेरिकेत जॉन केजने त्याच्याही पुढची मजल मारली. वादक पियानोपुढे बसला आणि चार मिनिटे तेहेतीस सेकंद त्याने एकही सूर वाजवला नाही. तेवढ्या वेळात बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस, लोकांची कुजबुज असे जे काही कानी पडले तेच संगीत, असे केजचे म्हणणे होते. हा मनुष्य विक्षिप्त खरा, पण उथळ नव्हता. अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून त्याने हिंदी संगीताची दृष्टी समजून घेतली होती. मन निवांत करणे हे संगीताचे प्रयोजन, ही त्यांनी सांगितलेली गोष्ट त्याने जन्मभर जपली. त्याची ही मूक रचना झाली तेव्हा त्याच्या आईने मात्र, या खेपेला जॉनने जरा अतिच केले, असा अभिप्राय दिल्याचे सांगतात. जगात कुठेही जा, आई ती आईच!

आमच्या दादांना हा केज ठाऊक नाही. त्यांच्या लेखी केज म्हणजे तालुक्याचे गाव. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. बीड जिल्ह्यातल्या हजारो माणसांप्रमाणे त्यांनीही दसरा उलटला की बिऱ्हाड गाडीत घालून साखर कारखान्यांची वाट धरली. कधी सांगलीकडे, कधी कोल्हापूरकडे, कधी पार कर्नाटकात. असे अठरा हंगाम त्यांनी काढले. आई बरोबर असेच. उसाच्या पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, दिवसाला जोडीने दीड-दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. वर वाढे बैलांना. आम्ही शिकलो ते त्या मोळ्यांवर. आई गेली, त्याला आता नऊ वर्षे होतील.

गेल्या माघात अंबाजोगाईला चार शहरी तरुणांचा एक कार्यक्रम होता. जाहिरातीच्या कागदावर 'प्रयोगशील संगीत' असे छापले होते. एका स्नेह्याने दोन प्रवेशिका दिल्या. घरात दुसरे कुणी रिकामे नव्हते, म्हणून दादांना म्हटले, "येता का?" गाण्याचे नाव काढले की दादा नाही म्हणत नाहीत, गावच्या भजनात त्यांचा टाळ अजून वाजतो. पंचाहत्तरी उलटल्यामुळे एस्.टी.त त्यांना तिकीट पडत नाही, याचाही त्यांना एक निराळा उत्साह असतो. सकाळच्या गाडीने निघालो. योगेश्वरीचे दर्शन घेतले, भाकरी खाल्ली, आणि दुपारी सभागृहात जाऊन बसलो.

एक मुलगी गाणारी, एकजण पखवाजावर, एकाजवळ व्हायोलिन आणि चौथ्यापुढे संगणक. पहिला तुकडा वीसएक मिनिटे चालला. त्यात सूर होते, पण ते एकमेकांना ओळख देत नव्हते. दादा एकाग्रतेने ऐकत होते. शेवटी माझ्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारले, "अजून सूर जुळवायलेत का?"

"नाही दादा, झालं ते."

"बरं," दादा म्हणाले आणि सावरून बसले. त्या 'बरं'मध्ये नापसंती नव्हती. पाहुण्याच्या घरी अनोळखी भाजी वाढली, तर माणूस जसा 'बरं' म्हणतो, तसे ते होते.

शेवटच्या तुकड्याला त्यांनी दिवे मालवले. अंधारात आधी पाचटाची सळसळ आली. मग लांबून घुंगुरमाळा. मग कोयता, खच्, खच्, खच्. चारी बाजूंच्या ध्वनिक्षेपकांतून तो येत होता आणि त्याच्यावर ती मुलगी एकच षड्ज लांबवीत होती. मला कबूल केले पाहिजे की, ते सुंदर होते. सभागृहात खोकण्याचाही आवाज नव्हता. दादा पुढे झुकले होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती.

"दोन कोयते हायेत," ते कुजबुजले. थोड्या वेळाने म्हणाले, "एक बाईचा हाय." आणि मग पुष्कळ वेळाने, जवळजवळ स्वतःशीच, "थकलीय बाई. एका घावात तुटंना तिला."

मी कान देऊन ऐकले. सभागृहातल्या सगळ्यांना तो ताल ऐकू येत होता. त्या तालात पडणारा खंड हा रचनेचा भाग, असेच आम्ही धरून चाललो होतो. तो खंड थकव्याचा आहे हे ओळखणारा माणूस तिथे एकच होता.

टाळ्या झाल्यावर दादा सरळ रंगमंचाकडे गेले. संगणकावरच्या मुलाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "बेस झालं बाळा. ह्यो कोयता कुणाचा?"

"आजोबा, एका कारखान्याजवळच्या फडात रेकॉर्ड केलं आम्ही."

"ते झालं. पर बाई कुठली?"

मुलाने सोबत्यांकडे पाहिले. "नाव नाही विचारलं आजोबा."

"इचारायचं व्हतं," दादा म्हणाले. "आपल्याकडलीच असंल." एवढे बोलून ते चपला शोधायला वळले.

परतीच्या गाडीत माझे डोके तापले होते. बाईने घाम गाळायचा, यांनी तो आवाज पेटीत भरून आणायचा, आणि आम्ही गाद्यांच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या, हा कुठला न्याय? मी तसे बोललो. दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिचं काय गेलं त्यात? आवाज वाऱ्यावर जाणारच व्हता. मला तर लई दिसांनी ऐकाय मिळाला." आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांना कुणाचा कोयता ऐकू आला असेल, ते मी विचारले नाही.

येथे एक विचित्र पेच उभा राहतो. ज्याने अठरा हंगाम कोयता चालवला, तो आनंदला होता. आणि ज्याने तो फक्त शाळेच्या सुट्टीत पाहिला, तो संतापला होता. आईबापांच्या वतीने अपमान करून घेण्याचा अधिकार मुलांना असतो का? मला वाटते, फार थोडा असतो. त्यांचे कष्ट हे त्यांचे आहेत. त्या कष्टांची आठवण गोड मानायची की कडू, हे त्यांनी ठरवायचे. आपण त्यांच्या वतीने फार रागावतो, तेव्हा त्या रागात आपल्या पांढरपेशा संकोचाचाही वाटा असतो. पण याचा अर्थ दादांचे म्हणणे सगळे पटले, असाही नव्हे. 'तिचं काय गेलं' हा त्यांचा उदारपणा होता. तो त्यांनी दाखवावा, आपण गृहीत धरू नये. शिवाय त्यांनी स्वतःच विचारलेला प्रश्न त्या उदारपणाने मिटत नाही. आवाज फुकट गेला तरी चालेल; पण कोयता कुणाचा?

ऊसतोडीच्या धंद्यात या प्रश्नाला एक कडवट धार आहे. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि हिशेब बहुधा पुरुषाच्या नावे लागतो. हातात कोयते दोन, मोजणीत एक. म्हणजे त्या बाईचे नाव संगीतकारांनी विचारले नाही हे खरे. पण त्यांच्याही आधी ते कुणी विचारलेले नव्हते. कलेने तिच्यावर नवा अन्याय केला असे नाही. जुना होता तोच पुढे चालवला, आणि सुंदर करून चालवला.

असे पूर्वीही घडले आहे. अंबाजोगाईच्याच दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा विषय लिहिण्यासाठी कागद घेतला नाही, पासोडी घेतली. गोरगरिबाने थंडीत पांघरायचे ते जाडेभरडे कापड, सुमारे ४० फूट लांबीचे. त्या काळाच्या मानाने हाही धाडसी प्रयोगच. तत्त्वज्ञान पासोडीवर उतरले, ही केवढी गोड गोष्ट! पासोडी लिहिणाऱ्याच्या नावाने आज गावाला मोठेपण आहे. विणणाऱ्याचे नाव मात्र कुणी टिपून ठेवले नाही.

पण उलट उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही त्यांनी मुद्रित केल्या. त्या संग्रहात ओवीजवळ गाणारणीचे नाव आहे, गावाचे नाव आहे. मुद्रणयंत्र तेच, जात्याची घरघरही तशीच कष्टाची. फरक एवढाच की, यंत्र सुरू करण्यापूर्वी कुणीतरी जमिनीवर बसून 'बाई, तुमचं नाव काय?' असे विचारले. नाव लिहिल्याने ओवी कमी गोड झाली नाही. उलट ती कुणाची आहे हे कळल्यामुळे तिच्यातले दुःखही नीट ऐकू येऊ लागले.

तेव्हा कष्टांत सौंदर्य पाहू नये, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर ओवी गेली, मोटेवरचे गाणे गेले, आणि दादांचा त्या दुपारचा आनंदही गेला. बांधावरून पाहण्यात पाप नाही. बांध न उतरण्यात आहे. एखाद्या आवाजाला सुंदर म्हणावे, आणि मग तो इतका जवळून ऐकावा की त्यातली थकलेली बाई कळावी. ते कळल्यावरही सुंदर म्हणवले, तर त्या शब्दाला काही किंमत. नाही म्हणवले, तर गप्प बसावे आणि तिच्यासाठी काय करता येईल ते पाहावे. कलेचा अनुभव आणि माणुसकी यांत फार मोठी दरी आहे असे पंडित म्हणतात. मला ती एका प्रश्नाएवढीच दिसते, आणि तो विचारायला संगीताचे ज्ञान लागत नाही.

हा अंक आपल्या हाती येईल, तेव्हा टोळ्या वाटेवर असतील. कितीतरी जोडप्यांची दिवाळी यंदाही कोपीतच होईल. पणती पाचटापासून जपून, लांब ठेवतील. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांच्या गावांजवळून मोळ्यांनी भरलेल्या गाड्या जातील आणि घुंगुरमाळा वाजतील. त्या ऐकाव्यात, जरूर ऐकाव्यात. जमले तर फराळाचा एक पुडा घेऊन फडापर्यंत जावे. लाडवातली साखर ज्यांच्या हाताची, त्यांना तो लाडू द्यायचा, यात दानधर्म कसला? पण देताना जोडीतल्या दोघांनाही नाव विचारावे. आणि ते विचारताना आधी बाईकडे पाहावे.