जुन्या वहीचें ऋण

सातारा जिल्ह्यांतील वाई येथें मिळालेल्या दप्तरांवरून वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापिला. पुढें १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. परंतु अशीं दप्तरें बहुधा सरदार व कारभारी यांचीं. मग गांवकुसाबाहेरच्यांचा भूतकाळ कोणीं राखावा? प्रिय वाचकहो, आम्हांस वाटतें, ज्यांचा त्यांनींच. मंडळीची बाप्तिस्म्याची वही वाळवीनें खाल्ली, तर आपल्या आजोबांचें नांव दुसऱ्या दप्तरांत क्वचितच सांपडेल. त्या वहींत जुन्या भांडणांची नोंद असली, तरी तें पान फाडूं नये. मेलेल्यांस उत्तर देतां येत नाहीं. म्हणून त्यांच्याविषयींचें खरें, गोड असो वा कडू, जतन करणें हें जिवंतांवरील ऋण होय.