'हस्तनिर्मित' म्हणावे का?

गेल्या दिवाळीत अमेरिकेतील आमच्या पुतण्याने एक लेखणी पाठविली. तो ऑरेगॉन राज्यात राहतो. घराच्या आवारात पाइनचे शंकू पडतात आणि गॅरेजात त्याने लहानसा लेथ बसविला आहे. लेखणीच्या अंगावर तपकिरी खवल्यांच्या छेदांची नक्षी असून मधल्या फटी निळ्या रेझीनने भरलेल्या आहेत. सोबतच्या पत्रात त्याने विचारले होते : "काका, लोक आता विकत मागू लागले आहेत. खोक्यावर 'हस्तनिर्मित' असे छापावे का? तुम्ही भाषेतली माणसे, तुम्हीच सांगा."

प्रश्न वाटला तितका सोपा निघाला नाही. प्रथम कृती पाहू. शंकू मंद आचेच्या भट्टीत काही तास सुकवितात. ओल राहिली तर काही जातींचे रेझीन फेसाळते, शिवाय आतले किडेही मरायला हवेत. मग तो साच्यात ठेवून वर रेझीन ओतायचे आणि बुडबुडे दबून जावेत म्हणून दाबाच्या टाकीत ठेवायचे. घट्ट झालेल्या ठोकळ्याला बहुधा ७ मिलिमीटरचे आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवितात. यानंतर लेथ. ठोकळा गरगर फिरतो, पटाशी टेकूवर धरलेली असते, आणि हाताचा दाब जरा वाढला की ठिसूळ खवला उडून जातो. पुतण्याची पहिली तीन नगे अशीच फुकट गेली. टोक, खिशाला अडकवायची पट्टी, रिफिल पुढे-मागे करणारा मळसूत्री भाग आणि रिफिल हे सारे मात्र कारखान्यातून तयार येते.

लेथला मोटर आहे, हा आक्षेप आम्ही मानीत नाही. कुंभाराचे चाकही फिरतेच. विकतच्या सुट्या भागांचा आक्षेप अधिक वजनाचा, पण शिंपीही कापड विणीत नाही. आम्हांस अडला तो शंकू. बहुतेक पाइनवृक्षांना एक शंकू पिकवायला सुमारे दोन वर्षे लागतात. त्याचे खवले कोरड्या हवेत उघडतात, दमट हवेत मिटतात, आणि झाडावरून गळून पडल्यावरही हा व्यवहार चालूच राहतो. रेझीनने तो कायमचा थांबविला. ज्या नक्षीसाठी लोक पैसे मोजणार, तिची मांडणी झाडाची आहे. पुतण्याने फक्त ती कोठे छेदायची हे ठरविले, आणि तेही पुरते त्याच्या हाती नव्हते. 'निर्मित' हा शब्द झाडाचे काम बिनबोभाट गिळून टाकतो.

शिंप्याने सदरा 'शिवला' असे आपण म्हणतो. त्याच्या वाट्याचे तेवढेच श्रेय ते क्रियापद त्याला देते. लेथवरच्या कामालाही आपल्या भाषेत 'कातणे' हा जुना शब्द आहे. ते काम करणारा कातारी, आणि कोणाच्या शैलीला आपण 'कातीव' म्हणतो तेव्हा मान त्याच्या पटाशीला देत असतो (समीक्षकांना याची आठवण क्वचितच असते). म्हणून आम्ही कळविले : "पाइनचा शंकू व रेझीन, लेथवर हाताने कातलेली लेखणी, इतर भाग विकतचे, असे छाप."

त्याचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. "काका, तुमचे खरे आहे. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस याच सुट्या भागांच्या लेखणीवर 'हस्तनिर्मित' लिहितो. माझ्या खोक्यावर 'इतर भाग विकतचे' असे वाचून गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. खरे बोलल्याचा दंड मी एकट्याने का भरावा?"

यावर आम्ही दोनदा उत्तर लिहावयास घेतले, त्याच लेखणीने. दोन्ही वेळा ते उपदेशासारखे वाटले, म्हणून फाडले. दंड आमच्या खिशातून जायचा नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि आम्हांसही.