ठशातला देव

उमरग्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की आधी नळदुर्ग येते, मग अणदूर. या दोन गावांचा खंडोबा एकच. नुसता देव एक नव्हे, मूर्तीच एक. वर्षातले सव्वादहा महिने ती अणदुरात असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. नेण्याआणण्याचा करार दोन्हीकडच्या मानकऱ्यांत होतो. दुसरी मूर्ती घडवायला पाथरवट मिळाला नसता असे थोडेच आहे? तरी घडवली नाही. मूळ ते मूळ, त्याची सर नकलेला नाही, असे मानणाऱ्याला याहून चांगला दाखला मिळायचा नाही. जपानी लाकडी ठशांची जुनी चित्रे कुंचल्याने हुबेहूब रंगवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या कामाकडे पाहून नाक मुरडणारे नेमके हेच म्हणतात: नक्कल आहे, हिच्यात जीव नाही. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण त्याच खंडोबाच्या भाविकांच्या देव्हाऱ्यात आहे.

तिथे खंडोबाचा टाक असतो. सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतो आणि देव उमटतो. एका ठशावर कितीतरी घरांचे देव निघतात. रोजच्या अंघोळीने आणि सणावाराला चिंच लावून घासल्याने आधी नाक सपाट होते, मग डोळे जातात, शेवटी घोडा कुठे संपला आणि स्वार कुठे सुरू झाला तेही कळेनासे होते. मग घरचे लोक नवा टाक करून घेतात, देवाच्या ठिकाणी नेऊन भेटवून आणतात, आणि त्या दिवसापासून तोच कुलस्वामी. यात मूळ कोणते म्हणायचे? ठसा म्हणावा, तर त्याला कोणी फूलसुद्धा वाहत नाही. तो सोनाराच्या पेटीत हातोडीशेजारी पडलेला असतो.

होकुसाई या जपानी चित्रकाराच्या जगप्रसिद्ध लाटेच्या चित्राची गतही हीच. १८३१च्या सुमारास त्याने पातळ कागदावर रेखाटन केले, ते उलटे करून चेरीच्या फळीवर चिकटवले गेले आणि कोरणाऱ्या कारागिराने कागदासकट लाकूड कोरले. म्हणजे होकुसाईच्या हातची रेघ ठसा होता होताच नाहीशी झाली. उरल्या त्या हजारो प्रती, आणि फळी झिजत गेली तशा त्याही बोथट होत गेल्या, टाकाच्या नाकासारख्या. संग्रहालयात काचेआड जे ‘मूळ’ म्हणून जपतात, ते अशा प्रतींपैकीच एक असते. आता कोणी म्हणेल, छापाचे सौंदर्य छापातच असते: कागदात उमटलेला लाकडाचा पोत, फळीवरच रंग पुसून साधलेली आकाशाची उतरती छटा, हे कुंचल्याला कुठून जमणार? हे खरे आहे, आणि पुष्कळ रंगवलेल्या नकला इथेच फसतात. पण रेघेचे तसे नाही. ती आधी कुंचल्याची होती. कोरणीने तिचा वळसा, तिचे जाड-बारीक होणे लाकडात जपून ठेवले. नक्कल करणारा ती पुन्हा कुंचल्यावर घेतो. त्यासाठी त्याला ती रेघ किती वेळ न्याहाळावी लागत असेल! आपण चित्रासमोर अर्धा मिनिट थांबतो आणि फोटो काढून पुढे जातो.

या न्याहाळण्याला मी उपासना म्हणतो, आणि त्याला आपल्याच मुलखातला आधार आहे. अराई कांपो हा जपानी चित्रकार मिझुनो तोशिकाता या ठसेचित्रांच्या परंपरेतल्या गुरूकडे शिकलेला. तो १९१७-१८च्या हिवाळ्यात अजिंठ्याला आला, तेव्हा अजिंठा आणि उमरगा दोन्ही निजामाच्या राज्यात होते. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या त्याने केलेल्या नकला टोकियोत १९२३च्या भूकंपात गेल्या. (३० सप्टेंबर १९९३ची पहाट पाहिलेल्या उमरगा तालुक्याला भूकंप काय काय नेतो हे सांगायला नको.) पुढे कांपो जपानमधल्या होर्युजी मंदिराच्या भिंतीवरच्या बुद्धचित्रांची नक्कल करणाऱ्यांत होता आणि ते काम पुरे होण्याआधीच १९४५मध्ये वारला. १९४९मध्ये तिथे आग लागून मूळ चित्रे करपली. आज त्या भिंतींवर आहेत ती १९६८मध्ये बसवलेली, हाताने रंगवलेली नवी चित्रे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या हातचे एक पानही उरलेले नाही. जी ज्ञानेश्वरी आपण वाचतो ती नकलाकारांच्या हातून आलेली, आणि त्यांच्या चुका वेचून एकनाथांनी शके १५०६मध्ये शुद्ध केलेली. तिला नक्कल म्हणून कोणी बाजूला सारत नाही.

मग अणदूर-नळदुर्गचे काय? तिथे प्रश्न मानाचा आहे. देव आपल्याकडे यावा, आणि गेला तर त्याने वाट पाहायला लावावी, हा दोन्ही गावांचा हक्क आहे आणि दुसऱ्या मूर्तीने तो बुडेल. पण ती एकच मूर्ती फिरत असताना घरोघरचे टाक काही कमी होत नाहीत, उलट भेटीला येतात. मूळ आणि प्रत एकमेकांच्या आड येत नाहीत, हे त्या गावांना कधीच कळलेले आहे.

राहता राहिला लबाडीचा आक्षेप, आणि तो मला मान्य आहे. नक्कल खोटी होते ती दुसऱ्याच्या जागेवर बसते तेव्हा. पंचाईत अशी, की होकुसाईची सही लाटेच्या चित्रातच, वर डाव्या बाजूला आहे; हुबेहूब नकलेत तीही येणारच. म्हणून असे चित्र घेताना ते उलटून पाठ पाहा. रंगवणाऱ्याने तिथे आपले नाव आणि साल घातले असेल तर खुशाल किंमत विचारा. पाठ कोरी असेल तर परत ठेवा.