नादाची पुनर्निर्मिती आणि अनुकरणाची नीती

१

‘इमर्सन, लेक अँड पामर’ या इंग्लिश त्रयीची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘लकी मॅन’ हे शेवटचे गीत ग्रेग लेक यांचे. गिटारच्या साध्या साथीने चाललेल्या या गीताच्या अखेरीस कीथ इमर्सन यांनी मूग सिंथेसायझरवर वाजवलेला एकल भाग येतो. खर्जातून घसरत वर चढणारा, एका स्वरातून दुसऱ्या स्वरात वाहत जाणारा तो भरदार नाद पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीतप्रकाराची एक खूणच ठरला. या भागाविषयी संबंधितांनी नंतर केलेली निवेदने उद्बोधक आहेत. त्यांनुसार तो एकाच प्रयत्नात मुद्रित झाला; इमर्सन यांच्या लेखी ती केवळ चाचपणी होती आणि तिच्याविषयी ते समाधानी नव्हते. तरीही तीच कायम झाली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ अनेक की-बोर्डवादक हा आणि या जातीचे इतर नाद जसेच्या तसे पुन्हा निर्माण करण्याचा ध्यास घेत आले आहेत.

वरवर पाहता ही यंत्रकौशल्याची बाब आहे. परंतु तिच्या मुळाशी कलाविचारातील एक जुना प्रश्न आहे. दुसऱ्याच्या निर्मितीची हुबेहूब पुनर्निर्मिती करणारा नेमके कशाचे अनुकरण करतो, आणि तसे करताना तो कोणाचे काय देणे लागतो?

२

नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात कलांची एक महत्त्वाची विभागणी केली आहे. चित्राची प्रतिकृती कितीही अचूक असली तरी ती मूळ चित्र होत नाही; ते मूळ म्हणून खपवले तर ती बनावट ठरते. संगीतरचना मात्र लिपीबद्ध होऊ शकते, आणि त्या लिपीशी तंतोतंत जुळणारा प्रत्येक प्रयोग ही ती रचनाच असते. ही विभागणी स्वीकारायची तर कृतीचे सत्त्व लिपीत उतरते असे गृहीत धरावे लागते. पाश्चात्त्य स्वरलिपी स्वराची उंची आणि कालमान नोंदवते. सतार आणि सारंगी एकाच स्वरात वाजत असतानाही ज्यामुळे वेगळी ओळखू येतात तो नादगुण ती फक्त वाद्याचे नाव लिहून सूचित करते. वाद्य सिद्ध आणि स्थिर असेल तोवर एवढी सूचना पुरते.

सिंथेसायझरच्या बाबतीत मात्र नादगुण हीच वादकाने घडवायची गोष्ट आहे. मूगच्या मोठ्या, अवजड यंत्रसमूहाचे सुटसुटीत रूप म्हणून आलेल्या आणि रिक वेकमन यांच्यासारख्या वादकांनी रंगमंचावर नेलेल्या ‘मिनिमूग’ला स्मृती नव्हती. एखादा नाद पुन्हा हवा असेल तर प्रत्येक बटण कोठे फिरवले आहे याची खूण छापील तक्त्यावर हाताने करून ठेवावी लागे. हा तक्ता म्हणजे नादगुणाचीच लिपी म्हणता येईल. मग गुडमन यांच्या निकषाने तक्ता हाती असलेला प्रत्येक वादक मूळ नादाचा अधिकृत प्रयोगकर्ता ठरावा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. जुन्या यंत्रांतील ऑसिलेटर उष्णतेनुसार स्वरापासून ढळत. एकाच तक्त्यावरून लावलेली दोन यंत्रे तंतोतंत सारखी बोलत नसत. पुनर्निर्मित नाद असा चित्राची प्रतिकृती आणि रचनेचा प्रयोग या दोहोंच्या मध्ये अडकून राहतो.

३

पुनर्निर्मितीची प्रक्रिया पाहिली की ही कोंडी अधिक स्पष्ट होते. मिनिमूगमध्ये तीन ऑसिलेटर. त्यांना परस्परांपासून किंचित बेसूर ठेवले की नादाला घनता येते. हा नाद रॉबर्ट मूग यांच्या शिडीसदृश रचनेच्या फिल्टरमधून जातो. १९६९ साली पेटंट मिळालेला हा फिल्टर ठरवलेल्या मर्यादेच्या वरचे ध्वनिघटक दर सप्तकास २४ डेसिबल इतक्या उताराने क्षीण करतो. वाद्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. कळ जोरात दाबा की हळू, फरक पडत नाही. दोन कळा एकदम दाबल्या तर खालचा स्वर बोलतो. त्यामुळे वरची कळ धरून ठेवून खालची दाबत-सोडत राहिले की एक विशिष्ट आंदोलन सहज निघते. उलट खालची कळ धरून वरची दाबली तर काहीच घडत नाही. वादकाच्या बोटांना लागलेले वळण या नियमातून आलेले असते.

आजचे वाद्य अनेक स्वर एकदम वाजवते, दाबाला प्रतिसाद देते, सुरात स्थिर राहते आणि हजारो नाद लक्षात ठेवते. त्यावर जुना नाद आणायचा म्हणजे यांतील बहुतेक क्षमता बंद कराव्या लागतात. रागाला आकार येतो तो केवळ घेतलेल्या स्वरांमुळे नव्हे, तर वर्ज्य स्वरांमुळेही. येथेही वर्जन हेच मुख्य काम आहे. परंतु त्यात एक मूलभूत फरक उरतो. १९७० च्या वादकाला जी अट वाद्याने घातली होती, ती आजचा वादक स्वतःला घालून घेतो. नाद सारखा येईल. त्या नादामागची अपरिहार्यता सारखी येणार नाही.

एवढ्यावरून ही पुनर्निर्मिती खोटी ठरते काय? मराठी कवितेचा अनुभव तसे सांगत नाही. संतकवींना अभंग हा परंपरेतून सहज हाती आलेला छंद होता. विसाव्या शतकात मर्ढेकरांनी तो निवडला. त्या निवडीला कोणी नक्कल म्हटले नाही, कारण स्वीकारलेल्या बंधनाच्या आत त्यांनी आपल्या काळाचे निर्णय घेतले. बंधन उसने असू शकते. त्यातला निर्णय उसना असून चालत नाही.

४

अनुकरणाच्या या प्रश्नाची संस्कृत काव्यशास्त्रात झालेली चर्चा येथे उपयोगी पडते. शंकुकाच्या मते चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारांहून वेगळी असते, आणि नटाच्या ठायी रामाची प्रतीती अशीच होते. जुन्या चाहत्याला पुनर्निर्मित नाद ऐकताना ‘हा तोच’ असे जे वाटते, त्याचे वर्णन या चित्रतुरगन्यायाने चांगले होते. भट्टतौताचा आक्षेप मात्र अधिक मूलगामी आहे. अनुकरण म्हणायचे तर अनुकार्य ठाऊक हवे. रामाची रती कोणी पाहिली आहे?

इमर्सन यांचा नाद तर सर्वांनी ऐकला आहे, असे यावर म्हणता येईल. पण ऐकले आहे ते ध्वनिमुद्रण. त्यात वादकाच्या बोटांबरोबर मूग यांचा फिल्टर आहे, ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड यांचे कान आहेत, फीत आहे, आणि ‘ही चाचपणी आहे’ या समजुतीतून आलेला मोकळेपणा आहे. यांपैकी शेवटची गोष्ट कोणत्याही तक्त्यावर नोंदवता येत नाही. जो आपण चाचपणी करीत आहोत असे समजून वाजवत होता, त्याचे अनुकरण करणारा कधीच चाचपणी करीत नसतो. कोठे पोहोचायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. तौताचा आक्षेप येथे वेगळ्या वाटेने लागू पडतो.

अभिनवगुप्ताने नाट्याला अनुकार न म्हणता ‘अनुकीर्तन’ म्हटले. पुनर्निर्मितीची नीती ठरवण्यासाठी हा शब्द अधिक योग्य आहे. कीर्तनात कथा कोणाची हे लपवले जात नाही, आणि कीर्तनकार नायकाचे सोंगही वठवीत नाही. तो पुन्हा सांगतो. प्रसिद्ध वादकाचा नाद म्हणून बाजारात मिळणारा तयार नाद वापरण्यात स्वतःहून काही गैर नाही. गैर घडते ते त्यामागील अनेकांचे श्रम एका कळीत मिटवले जातात आणि मिटवल्याची जाणीवही उरत नाही तेव्हा. उलट, बटणे एकेक फिरवून त्या नादापर्यंत पोहोचणारा अभ्यासक प्रत्येक पायरीवर कोणाचे तरी ऋण ओळखत जातो. त्याचा नाद किंचित चुकला तरी त्याचे अनुकीर्तन खरे असते.

या विवेचनाची कसोटी स्वतः इमर्सन यांच्याच उदाहरणात आहे. ते २०१६ साली निवर्तले. तोवर ‘लकी मॅन’च्या अखेरचा तो भाग रंगमंचावर वाजवायचा तर त्यांनाही श्रोत्यांच्या स्मरणातील ध्वनिमुद्रणाशी सामना करावा लागे. जसेच्या तसे वाजवावे तर स्वतःला न पटलेल्या एका चाचपणीची संहिता होते. वेगळे वाजवावे तर मूळ निर्मात्यावरच मुळाशी अप्रामाणिक असल्याचा ठपका येतो. निर्मात्यालाही जेथे मुळावर संपूर्ण मालकी सांगता येत नाही, तेथे अनुकरण करणाऱ्याकडून हुबेहूबपणाची मागणी करणे व्यर्थ आहे. त्याच्याकडे मागता येते ते एवढेच, की कोणत्या मर्यादा त्याने पत्करल्या, त्या कोणाच्या होत्या आणि त्यांच्या आत त्याने स्वतः काय ठरवले, हे त्याच्या वादनातून ऐकू यावे.