टब बसवण्यापूर्वी हिशेबाची दोन पाने



यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. समजा, तेथील एका कुटुंबात अब्बांच्या पश्चात त्यांच्या नावचे शेत विकले गेले. हाती रक्कम आली, घराचे नवे बांधकाम निघाले. थोरला मुलगा म्हणाला, "गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवू. अम्मींच्या गुडघ्यांना आराम पडेल."

ही इच्छा वाईट नाही. तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारीत आली आहे. गरम पाणी ही अल्लाहचीच देणगी आहे. नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर येथे तर ते भूमीतूनच उष्ण होऊन वर येते. तेव्हा टब मुळात निषिद्ध नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. तिर्मिजीतील हदीसनुसार कियामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न होतील: ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली? म्हणून आपल्या अंदाजपत्रकालाही दोन पाने हवीत.

पहिले पान जमेचे. हे पैसे खरोखर कोणाचे आहेत? सूरह निसाच्या अकराव्या व बाराव्या आयतींनी वाटण्या ठरवून दिल्या आहेत. आधी मृताचे कर्ज व वसीयत; अम्मींचा महर अदा झाला नसेल तर तोही कर्जच. त्यानंतर अपत्ये असताना पत्नीला आठवा हिस्सा, आणि मुलाच्या निम्मा वाटा मुलीला. सासरी गेलेली बहीण काही बोलली नाही, एवढ्याने तिने हक्क सोडला असे होत नाही. माहेर तुटेल या भीतीने ती गप्प असेल, तर त्या मौनाला संमती कसे म्हणावे? ज्या अम्मींच्या आरामासाठी टब आणायचा, त्यांचाच आठवा हिस्सा न विचारता त्यात घातला गेला, तर ती सेवा कोणाची झाली? शिल्लक रकमेवर जकात लागू असेल तर चाळिसावा भाग वेगळा काढावा. आणि पैसे कमी पडले म्हणून व्याजाच्या हप्त्यांवर टब घेऊ नये. सुखासाठी निषिद्धाचे दार उघडणे हा तोट्याचाच सौदा आहे.

दुसरे पान खर्चाचे. चारजणांच्या टबात साधारण एक हजार लिटर किंवा त्याहून अधिक पाणी मावते. एवढ्या पाण्याचेच वजन एक टन. त्यात टब आणि माणसे वेगळी. अभियंत्याने तपासल्याशिवाय गच्चीवर हा भार टाकणे म्हणजे खाली झोपणाऱ्यांचा जीव धोक्यात घालणे होय. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे १५ युनिट वीज लागते. ते गरम ठेवण्याचा खर्च निराळा. स्वतंत्र वायरिंग, अर्थिंग, गळती होताच वीजप्रवाह तोडणारे उपकरण, गाळणी, क्लोरीन, झाकण आणि पडद्यासाठी आडोसा हेही मांडावे लागते.

आता पाण्याचा विचार करा. हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एक साअ ते पाच मुद, म्हणजे सुमारे तीन लिटर पाण्यात गुसल करीत. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे पाचजणांच्या घराचे जवळपास चार दिवसांचे पाणी एका टबात जाते. उन्हाळ्यात शेजारीण हंडा घेऊन उभी असताना हा टब भरता येईल काय?

आणि सर्वांत साधा प्रश्न: गुडघे दुखणाऱ्या अम्मी जिना चढून गच्चीवर जाणार कशा? त्यांना कदाचित न घसरणारी फरशी, भिंतीला धरायची दांडी, बसायला स्टूल आणि एक लहान गीझर एवढेच हवे असेल. त्यांना विचारले का? गरम पाण्यात बसणे त्यांच्या रक्तदाबाला मानवेल का, हे डॉक्टरांना विचारले का?

सूरह फुरकानच्या ६७व्या आयतीत अल्लाहच्या दासांचे लक्षण सांगितले आहे की ते उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजूषपणाही. त्यांचा मार्ग मधला असतो. हक्क पोहोचले, जकात गेली, कर्ज नाही, पाणीही मुबलक आहे आणि तरी रक्कम उरली, तर टब अवश्य बसवा. तळमजल्यावर बसवा, क्लोरीन उतरल्यावर त्याचे पाणी झाडांना द्या आणि अल्लाहचे आभार माना. परंतु मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी एक फोन बहिणीला करा. "तुझा वाटा काढून ठेवला आहे, घ्यायला ये," हे शब्द ऐकून अम्मींच्या जिवाला जो आराम पडेल, तो कोणत्याही गरम पाण्याने पडणार नाही.

अल्लाह आम्हा सर्वांना हक्कदारांचे हक्क पोहोचवण्याची आणि त्याच्या देणग्यांचा योग्य वापर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.